किसनरावांचं येजो

१

किसनराव देवळीच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. उभी नोकरी त्या खिडकीत गेली. कोणती गाडी फलाटाला लागली, कोणती पुलगावला अडकली, कोणती आज येणारच नाही, हे भोंग्यावर ओरडून सांगायचं आणि गाडी सुटली की ड्रायव्हरकडे बघून हात वर करायचा. हात वर गेला की तोंडातून आपसूक निघायचं, "येजो."

आता निघणारा माणूस कधी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, आणि निरोप देणारा त्याला "येजो", म्हणजे परत ये, म्हणतो, यात नवल ते काय. पण किसनरावांच्या येजोची ड्रायव्हर मंडळींत भलतीच ख्याती होती. त्यांनी येजो म्हटलेली गाडी वाटेत बंद पडत नाही, असा समज कुठून तरी पसरला होता. एखादा तर गाडी चालू ठेवून खिडकीशी यायचा. "काका, येजो म्हना नं, मंग निंगतो." किसनराव हसायचे, पण म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांनाही ते थोडंसं पटलेलं होतं.

नोकरी संपली, जिभेची सवय मात्र राहिली. सिलिंडर देऊन जाणाऱ्याला येजो, लाईटचं बिल टाकून जाणाऱ्याला येजो. देवकाबाई कपाळावर हात मारायच्या. "कुत्र्याले काठी दाखवता आन् वरतून येजो म्हनता. मंग तो परत येईन नाई तं काय करीन?"

घरी बसल्यावर त्यांना मासे पाळायचा नाद लागला. बैठकीत मोठी काचेची टाकी आली, तिच्यात मॉली जातीचे मासे आले. ही जात अंडी घालत नाही, सरळ पिल्लंच देते, याचं किसनरावांना फार कौतुक. त्यात एक काळीकुळकुळीत मादी होती. तिचं नाव त्यांनी काळी ठेवलं. नाव ठेवण्यात त्यांनी फार डोकं चालवलं नाही, हे उघडच आहे.

त्या थंडीत त्यांची एकुलती लेक आकांक्षा तळेगावहून बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण देवकाबाईंनी हट्टानं लवकर आणलं. कारण गेल्या वर्षी तिचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हा ती सासरी होती. जावयानं, ऋतिकनं, तिला घाईघाईत दवाखान्यात नेलं आणि इकडे फोन आला तो सगळं झाल्यावर. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. किसनरावांच्या मनात मात्र एक गोष्ट रुतून बसली होती, ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. आपण तिथं असतो, तर निघताना पोरीला येजो म्हटलं असतं.

२

काळीचं पोट फुगलं, चौकोनी दिसायला लागलं, आणि ती कोपरा धरून राहू लागली. किसनरावांनी ओळखलं की हिचे दिवस भरत आले. मॉलीची एक वाईट खोड असते. पिल्लं झाली की आई स्वतःच ती गिळते. तिला ती आपली पिल्लं वाटतच नाहीत, खाणं वाटतं. म्हणून वेगळी छोटी टाकी मांडावी लागते.

ती टाकी मागच्या खोलीत मांडायची ठरली. तिथं दिवसभर ऊन यायचं, खोली उबदार राहायची. पण तिथंच आकांक्षाचा पलंग होता.

"बाळंतिनीच्या खोलीत मासोळीची बाळंतखोली?" देवकाबाई म्हणाल्या. "तुमाले काई समजते का?"

"राहू दे नं आई," आकांक्षा म्हणाली. "पडल्या पडल्या मले पाहाले होते. भिंतीकडे पाहून पाहून कंटाळा आला."

पोरीनं म्हटल्यावर विषय संपला. किसनरावांनी बोअरचं पाणी ड्रममध्ये भरून मुरू दिलं. त्यात निम्मं जुन्या टाकीतलं पाणी मिसळलं. जुन्या टाकीचा मळका स्पंज नव्या पाण्यात पिळला, तेव्हा देवकाबाईंनी तोंड फिरवलं. पण त्या मळानंच पाणी जिवंत होतं, हे त्यांना कोण समजावणार. तळाला खडे घातले नाहीत, घाण चटकन दिसावी म्हणून. हवेचा पंप लावला, हीटर लावला, पिल्लांना लपायला तळ्यातलं शेवाळ आणून सोडलं. शेवटी देवकाबाईंची भाजी धुवायची हिरवी प्लास्टिकची टोपली न विचारता उचलली आणि पाण्यात अर्धी बुडवून दोरीनं टांगली. काळी टोपलीत राहणार, पिल्लं झाली की फटींतून खाली पडणार, आणि आईचं तोंड काही त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

"माह्यी टोपली," देवकाबाई म्हणाल्या.

"नवी आनून देतो."

"हेच आनून द्याले पाह्यजे होतं आधी."

आकांक्षा पोट धरून हसली. त्या घरात बऱ्याच महिन्यांनी कोणी असं हसलं होतं. किसनरावांना टोपलीची किंमत वसूल झाल्यासारखं वाटलं.

दोन-तीन दिवसांत सकाळी बघतात तर टोपलीखाली शेवाळात काळे काळे ठिपके हलत होते. प्रत्येक ठिपक्याला दोन डोळे. पिल्लं झाली होती. आणि वर टोपलीत काळी आडवी तरंगत होती. पोट अजून फुगलेलंच होतं. काही पिल्लं आतच राहिली असावीत, ती बाहेर येता येता काळी दमली आणि गेली.

आकांक्षा तेव्हा आंघोळीला गेली होती. किसनरावांनी काळीला चटकन बाहेर काढलं. आठव्या महिन्यातल्या पोरीला हे सांगायचं कसं? नवरा-बायकोनं दारात उभ्या उभ्या ठरवलं की काळीला बैठकीतल्या मोठ्या टाकीत परत सोडलं, असं सांगायचं. बैठकीपर्यंत ती काही उठून बघायला येत नव्हती.

मग किसनराव मागच्या अंगणात गेले. पळसाच्या पानात काळीला ठेवलं, पानाची नीट घडी घातली आणि लिंबाच्या झाडाच्या बुडाशी खड्डा करून पुरलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. माती सारखी करून ते उठले, हात झटकला, आणि वळता वळता म्हणाले, "येजो बाई."

आतून देवकाबाईंचा आवाज आला, "कोनाले येजो म्हनून राह्यले?"

"कोनाले नाई," किसनराव म्हणाले, आणि चहा मागायला आत गेले.

३

पिल्लं पहिल्या दिवशी सगळ्या टाकीभर फिरली. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून चोळून पाण्यात सोडला तर तुटून पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी किसनराव बघतात, तर सगळी पिल्लं एका कोपऱ्यात काचेला चिकटून. हलत नाहीत, खात नाहीत. टाकीत मोठा मासा असला की पिल्लं अशी राहतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण टाकीत मोठा मासा नव्हता. टोपली रिकामी टांगलेली होती. ती काढायची राहून गेली होती.

त्यांनी टाकीभोवती फेरी मारली. शेवाळासोबत काही आलं असेल. चतुराची अळी तळ्यातून हमखास येते आणि पिल्लं गट्ट करते. त्यांनी शेवाळ काढून पांढऱ्या परातीत झटकलं, एकेक काडी वेगळी केली. अळी नाही, काही नाही. शेवाळ फेकूनच दिलं. मग टाकीत लपायला कसलाच आडोसा उरला नाही. काच, पाणी, पंपाचे बुडबुडे आणि टोपली.

पिल्लं कोपऱ्यातच राहिली.

तेव्हा त्यांना आवाज ऐकू आला. टुक. थोड्या वेळानं पुन्हा, टुक. टोपलीचा काठ काचेला लागत होता. बुडबुड्यांनी पाणी हलतं, पाण्यानं टोपली हलते, यात काय एवढं. त्यांनी पंपाची नळी दुसऱ्या बाजूला वळवली. टुक. दोरी आखडून बांधली. टुक. मग ते स्वतःवरच वैतागले आणि बाहेर जाऊन पेपर वाचत बसले. पेपरात काय लिहिलं होतं ते मात्र त्यांना नंतर आठवेना.

चारच्या सुमारास लाईन गेली. आमच्याकडे ती जातेच. पंपाची घरघर थांबली आणि घर असं गप्प झालं की रस्त्यावरून कापूस घेऊन जाणाऱ्या गाडीचं करकरणं ऐकू यावं. किसनराव पिल्लांची काळजी म्हणून मागच्या खोलीत गेले. बुडबुडे बंद, पाणी आरशासारखं स्थिर. आकांक्षा कुशीवर झोपली होती.

टोपली सावकाश, अगदी सावकाश फिरत होती. फिरून तिचा काठ काचेला लागला.

टुक.

दोरीला पीळ बसला असेल, किसनरावांनी स्वतःला सांगितलं. पीळ सुटतो तेव्हा वस्तू फिरते. हे अगदी बरोबर होतं. मग टोपली थांबली, आणि उलट्या दिशेनं फिरायला लागली. पीळ सुटतानाही तसं होऊ शकतं, ते म्हणाले, पण या वेळी त्यांचं स्वतःचंच त्यांना पटलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी देवकाबाई लेकीच्या डोक्याला तेल लावत होत्या आणि किसनराव टाकीची काच पुसत होते. पिल्लं कमी झाली होती. किती कमी, ते मोजायचं त्यांनी टाळलं.

"बाबा," आकांक्षा म्हणाली, "काळीले परत या टाकीत काऊन आनलं?"

देवकाबाईंचा हात थांबला.

"आनलं नाई," किसनराव म्हणाले. "तिकडंच हाये ते."

"मंग काल दुपारी टोपलीत कोन होतं? मी जागी झाली तं फटीतून पाहून राह्यलती माह्याकडे." ती सहज बोलत होती, डोळे मिटून, तेलाच्या हाताचं सुख घेत. "अजून पोट मोठंच दिसते तिचं. तुमी तं म्हनलं का पिल्लं झाली."

"झोपीत पाह्यलं असन माय."

"असन," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "या खोलीत बाळ गप राह्यते बाबा. अंगनात बसली का लाथा मारते, इथं आली का चूप. त्यालेबी मासोळी पाहाले आवडते वाटते."

ती हसली. देवकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, आणि ते बघणं किसनरावांना पुरलं. ते मागच्या अंगणात गेले आणि लिंबाच्या बुडाची माती हातानं उकरली. माती ओली होती. लिंबाला त्या आठवड्यात पाणी घातलं नव्हतं. पळसाचं पान सापडलं. त्यांनी घातली होती तशीच घडी होती, चारही बाजू आत मुडपलेल्या. घडी उघडली. आत काही नव्हतं, पाण्याचा ओला डाग तेवढा होता.

मुंग्यांनी खाल्लं असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. या दिवसांत मुंग्या फार. पण काटे कुठं गेले? आणि मुंग्या पानाची घडी पुन्हा जशीच्या तशी घालून जात नाहीत, हे चौकशीच्या खिडकीत उभा जन्म काढलेल्या माणसालाही कळतं.

त्यांनी आत येऊन पहिलं काम केलं ते टोपली टाकीतून काढली. देवकाबाईंनी ती घ्यायला नकार दिला, म्हणून ती अंगणातल्या तारेला अडकवली. मग आकांक्षाचा पलंग बैठकीत हलवायचा म्हणाले. आकांक्षा म्हणाली की बैठकीत थंडी वाजते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे आडवं पडायला तिला आवडत नाही. टाकी हलवायची, तर टाकीत पाणी होतं आणि पाण्याची टाकी एकट्यानं उचलली की तळाची काच तडकते. ऋतिक रविवारी येणार होता. रविवारपर्यंत काय होतं, किसनराव म्हणाले.

दुपारी आकांक्षाच्या उशाशी तांब्या ठेवलेला असायचा, वर फुलपात्र पालथं. किसनराव दारातून डोकावले. पिल्लं आता दुसऱ्या कोपऱ्यात होती, पलंगापासून सगळ्यात लांबच्या. खोलीत चिटपाखरू हलत नव्हतं.

टुक.

फुलपात्र तांब्यावर किंचित उचललं गेलं आणि बसलं. मग पुन्हा. आतून कोणीतरी नाकानं ढकलावं तसं. त्यांनी तांब्या उचलला, अंगणात नेला आणि पाणी लिंबापासून लांब, नालीत ओतलं. पाण्यात काही नव्हतं. स्वच्छ पाणी, गार. तरी तांब्या हातात जड लागत होता, अगदी रिकामा झाल्यावर सुद्धा.

५

संध्याकाळी चुलीपुढे त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ती वेड्यात काढील. देवकाबाई भाकरी थापत ऐकत राहिल्या. तव्यावरची भाकरी उलटल्यावर म्हणाल्या, "पुरलं तवा तुमी काय म्हनलं?"

किसनराव चुलीतलं लाकूड उगाच आत सारू लागले.

"मी ऐकलं होतं. तुमी म्हनलं कोनाले नाई. मयतीच्या घरून निंगतानी कोनी येतो म्हनते का? लहान लेकराले बी समजते. मुक्यानं उठते मानूस, मुक्यानं जाते. आन् तुमी मेलेल्या बाळंतिनीले येजो म्हनलं."

"सवय हाये तोंडाले."

"तिले का माहीत तुमची सवय? तिले बलावलं, ते आली."

तवा तापत राहिला. किसनरावांना भीती वाटली, आणि तेवढीच लाजही वाटली. इतकी वर्षं ज्या शब्दाचा त्यांना गुपचूप अभिमान होता, त्यानंच हे घरात आणलं होतं.

"मंग आता?"

"आता ज्यानं बलावलं त्यानंच जाय म्हनावं. साधं. जाय. आन् आजपासून तो शब्द या घरात नाई पाह्यजे मले. कोनालेच नाई."

साधं म्हणे. किसनराव जेवण झाल्यावर अंगणात उभे राहून तो शब्द म्हणून बघायला लागले. जाय. ओठ हलले, आवाज निघेना. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणालाच तसं म्हटलं नव्हतं. दारू पिऊन बाकड्यावर झोपणाऱ्यालाही त्यांनी "घरी पोच बा, उद्या येजो" असंच उठवलं होतं. एखाद्याला जाय म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. आणि ती काळी, तिचं काय चुकलं होतं? पिल्लं काढता काढता गेली बिचारी. किसनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांना स्वतःचा राग आला, की आत पोर झोपली आहे आणि आपण मासोळीसाठी रडतो आहोत.

त्या रात्री देवकाबाई लेकीजवळ झोपल्या. टाकीवर त्यांनी जाडसर सतरंजी टाकली होती.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकली होती. देवकाबाई मागे भांडी घासत होत्या. आकांक्षा पलंगावर उशीला टेकून बसली होती, दोन्ही हात पोटावर. किसनराव दारात आले तसं तिनं त्यांना बोटानं खूण करून जवळ बोलावलं.

"बाबा, आज बाळ अलगच करून राह्यलं. लाथ नाई मारत. आतून ठोकल्यासारखं करते. पाहा, आता. टुक. थांबते. मंग पुन्हा टुक."

पोटातल्या बाळाला उचकी लागते, ती तशीच ठोक्यानं लागते, हे वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या तपासणीला सांगितलं होतं. तो विचार त्यांना आला, आणि तो खराही असेल. पण टाकीवर सतरंजी होती, तांब्या रिकामा होता, टोपली तारेवर उन्हात वाळत होती. झाकलेली टाकी सोडली, तर त्या खोलीत आता पाणी राहिलं होतं ते एकाच ठिकाणी.

"तू अंगनात जाय..." ते म्हणाले आणि थबकले. जाय. शब्द निघाला होता, पण भलत्याच माणसाला. "नाई, नाई. तू अंगनात बस माय. आईजवळ बस. उन्हात."

"काऊन बाबा?"

"बस म्हनलं नं."

ती उठली, बापाच्या चेहऱ्याकडे बघत, आणि भिंतीला धरून हळूहळू बाहेर गेली. किसनरावांनी टाकीवरची सतरंजी ओढून काढली. खिडकीतून ऊन थेट पाण्यात आलं. थोडीशीच पिल्लं उरली होती, कोपऱ्यात गोळा झालेली. किसनराव बाहेर गेले, तारेवरची टोपली आणली आणि होती तशी पाण्यात टांगली. गाठ दोनदा सुटली. मग ते पलंगाच्या काठावर बसले आणि वाट बघायला लागले. बसस्टँडवर उशीर झालेल्या गाडीची बघायचे तशी, घड्याळाकडे न बघता.

टोपलीच्या मागे खिडकी होती. टोपलीच्या प्रत्येक फटीतून पलीकडचं ऊन दिसत होतं, उभ्या उभ्या उजळ रेघा. किसनराव बघत असताना मधली एक रेघ विझली. मग तिच्या शेजारची. मग पहिली पुन्हा उजळली आणि तिसरी विझली. आत काहीतरी सावकाश वळत होतं, आणि ते टोपलीपेक्षा फार लहान नव्हतं. काळी तर बोटाएवढी होती.

ते त्यांच्याकडे तोंड करून थांबलं. डोळा दिसला की नाही, हे किसनराव आजही सांगत नाहीत.

"हे पाह्य बाई," ते म्हणाले. "माह्यं चुकलं. मी तुले येजो म्हनलं, म्हनून तू आली. तुह्या जिवाचं काई चुकलं नाई. पन तुह्यं काम झालं माय. लेकरं झाली. तू पोटात घेऊन गेली तेबी तुह्यीच, आन् हे राह्यले तेबी तुह्येच. या लेकरायले मी पाह्यतो. भुकं ठेवत नाई. माह्या पोरीच्या लेकराले हात लावू नको. ते तुह्यं नाई."

रेघा तशाच विझलेल्या राहिल्या. टुक, झालं. एकदाच, जोरात. काचेला तडा जाईल असं वाटलं.

आणि मग किसनरावांनी हात वर केला. इतकी वर्षं करायचे तसाच, पंजा उघडा, खिडकीकडे. हात वर गेला की जिभेवर काय येणार ते त्यांना माहीत होतं. शब्द ओठांपर्यंत आला. ये. त्यांनी दात आवळले, तो गिळला.

"जाय," ते म्हणाले. "जाय माय. आता येऊ नको."

बराच वेळ काही झालं नाही. मग टोपलीतल्या सगळ्या रेघा एकदम उजळल्या. पाणी टाकीच्या काठावरून थोडंसं सांडलं, किसनरावांच्या पायावर आलं, आणि कोमट होतं. खोलीच्या बाहेर, मागच्या अंगणात, लिंबाची फांदी हलली. वारा नव्हता.

कोपऱ्यातलं एक पिल्लू सुटलं आणि टाकीच्या मधोमध आलं. ते तिथंच इकडे-तिकडे फिरलं. मग दुसरं आलं.

अंगणातून आकांक्षाची हाक आली. "बाबा! पाहा नं कशा लाथा मारून राह्यलं. आई, हात लाव, इथं लाव."

देवकाबाई राखेच्या हातानंच धावल्या असाव्यात, कारण नंतर आकांक्षाच्या गाऊनवर पोटापाशी पाच बोटं उमटलेली होती. किसनराव उठू शकले नाहीत. ते पलंगावर बसून पदर नसलेल्या बाईसारखे सदऱ्याच्या टोकात तोंड घालून रडले, आणि त्यांना फार बरं वाटलं.

७

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी आकांक्षाला कळा सुरू झाल्या. ऋतिक आदल्याच दिवशी गाडी घेऊन आला होता. देवकाबाईंनी लेकीच्या हातावर दही ठेवलं, पिशवी गाडीत टाकली आणि स्वतः पुढे जाऊन बसल्या. किसनराव फाटकापाशी उभे होते. मागं घर बघायला, पिल्लांना बलक घालायला कोणीतरी हवं होतं.

आकांक्षा गाडीत बसता बसता वळली. चेहरा घामानं भिजला होता. "येतो बाबा," ती म्हणाली.

किसनरावांनी मान हलवली. हात वर गेला नाही. त्या दुपारपासून त्यांनी कोणालाच येजो म्हटलं नव्हतं. सिलिंडरवाला दोनदा वळून बघून गेला होता, की यांचं काही दुखलंखुपलं की काय. बायकोनं सांगितलं होतं म्हणूनच नव्हे, त्यांना स्वतःलाच त्या शब्दाचं भय बसलं होतं. तो म्हटला की कोण येईल, याचा आता भरवसा कुठं होता. आणि गेल्या वर्षी म्हटला नव्हता, तर कोणीच आलं नव्हतं.

ऋतिकनं गाडी सुरू केली. आकांक्षा दार धरून उभीच.

"बाबा, म्हना नं."

"बस माय. उशीर होते."

"तुमी म्हनल्याबिगर नाई जात मी." कळ आली, तिनं ओठ दाबले, पण दार सोडलं नाही.

किसनरावांनी बायकोकडे बघितलं. देवकाबाईंनी काचेतून त्यांच्याकडे बघितलं. तिनंच तर बंदी घातली होती.

"म्हना," देवकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला. "जित्या मानसाले म्हनाचं राह्यते ते. म्हना लवकर."

किसनरावांचा हात वर गेला. पंजा उघडा, जुन्या सवयीनं.

"येजो," ते म्हणाले. मग लेकीच्या पोटाकडे बघून पुन्हा म्हणाले, नीट, एकेक अक्षर सुटं करून, भोंग्यावर गाडीचं नाव घ्यायचे तसं. "दोघंबी येजा."

गाडी वर्ध्याच्या रस्त्याला लागली. किसनराव घरात आले. दिवसभर फोन हातात घेऊन ते मागच्या खोलीत टाकीपुढे बसून राहिले. पिल्लं आता चांगली नखाएवढी झाली होती, बिनधास्त फिरत होती, एकमेकांच्या अंगावर जात होती. घरात कुठंच काही वाजत नव्हतं. लिंबाच्या बुडाची माती कोरडी भुसभुशीत होती, ते उठून उठून बघून आले.

उन्हं उतरताना फोन आला. ऋतिक होता. त्याला बोलताच येत नव्हतं, नुसतं "मामाजी, मामाजी" करत होता, आणि मागून एका लहान जिवाचं रडणं ऐकू येत होतं. किसनरावांनी फोन कानाला लावून ते पोटभर ऐकलं. काही विचारायची गरजच पडली नाही.

पाचव्या दिवशी गाडी फाटकाशी आली. देवकाबाईंनी भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं. आकांक्षा दमलेली होती, पण तोंडावर असं काही होतं की किसनरावांना तिचं लहानपण आठवलं. कुंचीत गुंडाळलेलं गाठोडं तिनं बापाच्या हातात दिलं. गाठोड्यातून काळेभोर डोळे त्यांच्याकडे टकामका बघत होते. तेवढ्यात त्या जिवाला उचकी लागली. एक, मग दुसरी. किसनरावांनी गाठोडं कानाजवळ नेलं. पण ती उचकीच होती. दुधाचा वास येत होता तिला.

"आलो बाबा," आकांक्षा म्हणाली. "तुमी दोघंबी म्हनलं होतं. दोघी आलो."

किसनराव नातीला घेऊन हळूहळू घरात गेले, मागच्या खोलीत, आणि तिला पिल्लं दाखवायला टाकीपाशी उभे राहिले.

"बाहेरच्या हवेनं लागली उचकी," मागून देवकाबाई म्हणाल्या. "इकडे द्या तिले, आन् तुमी आधी जाऊन नवी टोपली घेऊन या."

"आनतो," किसनराव म्हणाले. फाटकातून बाहेर पडता पडता ते थांबले, घराकडे वळले आणि म्हणाले, "येतो मी."

"येजा," आतून देवकाबाई म्हणाल्या.